दहा बाय अकराच्या खोलीतले स्पीकर

घरी डीजेचा सराव सुरू करायचा तर काय काय घ्यावं लागेल, असं मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारी कॉलेजची मुलं मला विचारतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात कंट्रोलर असतो. कंट्रोलर सोपा आहे. दोन डेकचा, लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा कुठलाही बरा कंट्रोलर चालतो. माझ्याकडे पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ आहे आणि तो दोन वर्षं बिनतक्रार चाललाय. हेडफोनही तासाभरात ठरतो. अडतं ते स्पीकरपाशी. कंट्रोलर आणि हेडफोन तुमच्या एकट्याचे असतात, स्पीकर मात्र सगळ्या घराचा असतो. आणि भिंतीपलीकडच्यांचा, खालच्या मजल्यावरच्यांचाही.

आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, पणजोबांनी बांधलेलं. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर नंतर कधीतरी बसवलेल्या लाद्या. वर आई, बाबा आणि मी, खाली काका-काकू. माझी खोली रस्त्याच्या अंगाला, दहा बाय अकरा फूट. सोमवार ते शुक्रवार मी एका कंपनीत मशिनच्या भागांची ड्रॉइंग करते आणि शनिवार-रविवारी साखरपुडे, संगीत, वाढदिवस, सोसायटीचे गरबे वाजवते. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायनशाळा काढली, जिथे फैयाज खाँसाहेब दरबारगवई होते, त्या गावात आमच्या घरातली मुलगी 'डबे वाजवते', असं आईची मावशी दर दिवाळीला न चुकता म्हणते. म्हणू दे. संगीतच्या रात्री सर्वांत शेवटी नाचायचं थांबवते तीच.

माझं बजेट होतं तीस हजार. त्यात नवीन जोडी यायला हवी होती आणि ती या लाकडी मजल्यावर, चार माणसांच्या झोपेत न घुसता चालायला हवी होती.

सर्वांत आधी दादाने, म्हणजे काकांच्या मुलाने, त्याचा ब्लूटूथचा पार्टी स्पीकर वर आणून ठेवला. रंगीत दिवे, चाकं, हँडल, सगळं होतं. 'हा वापर की, पैसे कशाला घालवतेस?' प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर नीट देते. डीजे एका कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं ऐकत असतो आणि दुसऱ्या कानाने चालू गाणं स्पीकरवर ऐकत असतो. दोन्हींचे ठेके जुळले की फेडर सरकवायचा. आता ब्लूटूथवरून आवाज पाठवताना तो आधी दाबून बांधावा लागतो आणि पलीकडे सोडवावा लागतो. यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. १२० बीपीएमच्या गाण्यात एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचं अंतर ५०० मिलिसेकंद असतं. म्हणजे हेडफोनमधला ठोका आणि स्पीकरमधला ठोका जवळजवळ अर्ध्या मात्रेने चुकतात आणि काय जुळवायचं तेच कळत नाही. सिनेमा बघताना असा उशीर झाला की ओठ आणि शब्द जुळत नाहीत, तसंच.

'हल्ली सॉफ्टवेअरच जुळवून देतं ना?' हा पुढचा प्रश्न. देतं, पण ते प्रत्येक गाण्याला चार-चारच्या मापात बसवू पाहतं. आपल्याकडचा हींच सहा मात्रांचा. त्याच्यावर सॉफ्टवेअर जी पट्टी आखतं ती दोन फेऱ्यांत खोटी पडते. बडोद्यात डीजे असाल तर कानाने जुळवायला शिकण्यावाचून सुटका नाही. पार्टी स्पीकरला वायरीने जोडलं तर उशीर बराच कमी होतो, हेही खरं. तरी एक अडचण उरते. असे स्पीकर बेस मुद्दाम फुगवून देतात. घरी बेस भरपूर ऐकू येतो म्हणून तुम्ही मिक्समध्ये तो कमी करता आणि हॉलमध्ये साउंडवाल्याच्या टॉप-बेसवर तेच मिक्स पातळ वाटतं. सरावाच्या स्पीकरने खोटं बोलू नये, एवढी तरी अपेक्षा ठेवावी. दादाचा स्पीकर गच्चीवरच्या उत्तरायणाला उत्तम आहे. तिथेच तो असावा.

दुसरा पर्याय बारा इंची पीए स्पीकरचा. बाहेर वाजवणारे बरेच जण हाच घेतात, कारण घरीही चालतो आणि छोट्या कार्यक्रमाला गाडीत टाकूनही नेता येतो. ज्याला स्वतःचा साउंड न्यावा लागतो त्याला मी हेच सुचवेन. मला न्यावा लागत नाही, हॉलवर साउंडवाला असतोच. शिवाय पीए स्पीकर शंभर-दीडशे माणसांच्या डोक्यावरून आवाज फेकायला बनवलेला असतो. दहा फुटांच्या खोलीत तो फार हळू चालवावा लागतो, आणि तेव्हा गाण्यापेक्षा त्याची स्वतःची सू-सू जास्त ऐकू येते.

उरले स्टुडिओ मॉनिटर. हे नाव ऐकून टीव्हीच्या पडद्यासारखं काही डोळ्यांसमोर येईल, पण हे स्पीकरच असतात. आत स्वतःचा अँप्लिफायर, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याला आहे ते आहे तसं ऐकू यावं असे बांधलेले. यामाहाच्या एनएस-१० या पांढऱ्या कोनच्या स्पीकरची गोष्ट मला फार आवडते. १९७८ साली तो घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आला आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला, कारण याच्यावर जे बरं वाटेल ते कुठेही बरंच वाटेल, असा इंजिनिअर लोकांचा अनुभव होता.

मॉनिटर साडेतीन, पाच, सात, आठ इंचांत मिळतात. मोठा कोन म्हणजे खोलवरचा बेस, म्हणून सगळ्यांचा ओढा आठकडे असतो. पण खोलीचं गणित आधी करावं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ५० हर्ट्झच्या सुराची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब. माझी खोली अकरा फूट, म्हणजे ३.३५ मीटर, या लाटेच्या जेमतेम निम्मी. अशा मापाच्या खोलीत त्या सुराची लाट दोन भिंतींच्या मध्ये अडकून उभी राहते. भिंतीपाशी ढोल बडवल्यासारखं होतं आणि खोलीच्या बरोबर मध्यावर उभं राहिलं तर तोच बेस नाहीसा होतो. विश्वास बसत नसेल तर फोनवर ५० हर्ट्झचा टोन लावा, तो चांगल्या स्पीकरवर वाजवा आणि खोलीत चालून बघा. आठ इंची जोडी घेऊन मी फक्त हा गोंधळ वाढवला असता. म्हणून पाच इंच. आणि उभं राहायची जागा मध्यावर नाही, भिंतीपासून एक-तृतीयांशावर.

पाच इंचांत तीन नावं समोर होती. जेबीएलचा ३०५पी मार्क टू, केआरकेचा रॉकिट ५ आणि यामाहाचा एचएस५. रॉकिटचं हवेचं भोक पुढच्या बाजूला असतं, भिंतीला टेकवून ठेवायचा असेल तर ते सोयीचं. बाकी दोघांचं मागे. जेबीएल खाली ४३ हर्ट्झपर्यंत जातो, यामाहा ५४ला थांबतो. कागदावर जेबीएल सरस. ऐकल्याशिवाय ठरवायचं नाही म्हणून शनिवारी दुपारी स्टेशनकडच्या एका दुकानात गेले, बाबांना बरोबर घेऊन.

बाबांना नेलं ते स्कूटरवर दोन खोकी धरायला, असं मी आईला सांगितलं होतं. त्यांना जरा बाहेर काढायचं हा खरा उद्देश. निवृत्त झाल्यापासून ते फारसे बोलत नाहीत, जेवताना टीव्ही मोठा लावतात, चारचौघांत मधेच उठून गॅलरीत जातात. आई म्हणते यांचं लक्षच नसतं. सात म्हटलं की आठ ऐकतात.

दुकानात ऐकायची एक रीत असते, ती आधी सांगते. पेन ड्राइव्हवर आपली नेहमीची पाच गाणी न्यायची, जी झोपेतही ओळखू येतील अशी. एक मराठी, आवाज पुढे असलेलं. एक ढोल-ताशाचं. एक गरबा. एक फक्त ठेका आणि बेस. एक जुनं, रेडिओवर ऐकलेलं. आणि सगळे स्पीकर सारख्याच आवाजात ऐकवायला लावायचे. दोनपैकी जो जरा मोठा वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो, कानाचा हा जुना दोष आहे आणि दुकानदारांना तो पक्का ठाऊक असतो. फोनवरचं डेसिबलचं ॲप नेमकं नसलं तरी दोन स्पीकरची तुलना करायला पुरतं.

चौथं गाणं माझं स्वतःचं होतं. दर अर्ध्या मात्रेला हाय-हॅट, म्हणजे झांजेची बारीक 'टिक्'. मी बाबांना म्हटलं, 'यामाहावर टिक् किती स्वच्छ येते बघा.'

'कुठली टिक्?'

मी दुकानदाराला पुन्हा लावायला सांगितलं. बाबा स्पीकरसमोर वाकले, कोनकडे बघत राहिले. मग मी लॅपटॉपवर ते गाणं उघडलं, हाय-हॅटचा ट्रॅक बंद केला आणि वाजवलं. पुन्हा चालू करून वाजवलं. 'आता?'

'सारखंच आहे की गं,' ते म्हणाले.

बाबांनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या कॉम्प्रेसर हाउसमध्ये काढली. कापसाचे बोळे कानांत घालायचे, तेही आठवेल तेव्हा. मोठ्या आवाजाने बिघडणारा कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास बिघडतो, मग दोन्ही बाजूंना पसरत जातो, आणि वयाने वरचा भाग वेगळाच झिजत असतो. गेलेलं परत येत नाही, कारण आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. 'अ', 'आ', 'ओ' खालच्या सुरांत असतात, ते ऐकू येतात. 'स', 'श', 'त', 'फ' वरच्या सुरांत असतात, ते गळतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. सातचे आठ होतात ते असे. सगळं मला वाचून माहीत होतं. कंपनीत सुरक्षा-सप्ताहात मीच यावर तक्ता केला होता. बाबांच्या कानाशी तो तक्ता त्या दिवशी पहिल्यांदा जुळला.

परतताना न्यायमंदिरापाशी ट्रॅफिकमध्ये थांबलो तेव्हा मागून त्यांनी विचारलं, 'तू वाजवतेस तिथे किती असतो आवाज?'

गेल्या महिन्यातल्या संगीतला मी ॲपवर पाहिला होता. ९७.

इथे थोडं गणित करते, कारण आपल्यातली बरीच मुलं आता हे काम करतात आणि गरब्याला तर सगळेच नऊ रात्री उभे असतात. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही हद्द मानते, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. ९७ला अर्धा तास. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० चालतात. कुठलाही आकडा धरा, माझा कार्यक्रम चार तासांचा असतो. कार्यक्रमानंतर घरी येऊन उशीला कान लावला की बारीक शिट्टी वाजत राहते, ती सकाळपर्यंत जाते. आमच्या धंद्यात सगळ्यांना वाजते आणि सगळे त्यावर विनोद करतात.

हॉलमधला आवाज माझ्या हातात पूर्ण नसतो, साउंडवाला असतो, यजमान असतात, 'बेन, जरा वाढवा' म्हणणारे मामा असतात. तिथे कानांत डीजेचे प्लग घालायचे, तेवढं करता येतं. घरचे तास मात्र पूर्ण माझे. म्हणून मी स्पीकर निवडायची कसोटीच बदलली. मोठ्याने कोण छान वाजतो हा प्रश्न सोडला आणि हळू कोण स्पष्ट वाजतो, हे बघायला पुढच्या शनिवारी परत गेले. हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले टिकतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलंय. म्हणजे हळू ऐकायचं तर मधले सूर स्वच्छ हवेत. त्या दिवशी मी सगळं ७२ डेसिबलला ऐकलं. एचएस५वर गाणाऱ्याचा श्वास आणि ढोलकीची शाई दोन्ही वेगवेगळे कळत होते. जेबीएलचा खालचा बेस जास्त गोड होता, पण तो बेस मला नकोच होता, कारण खाली काकू होत्या. एचएस५ घेतले. बजेटपेक्षा थोडे वर गेले, त्याबद्दल आईशी झालेलं बोलणं इथे लिहीत नाही.

काकूंचं म्हणणं असं की, 'अगं, गाणं ऐकू आलं तर बरं तरी वाटेल, आमच्याकडे नुसतं धप्-धप् येतं.' अगदी बरोबर आहे. भिंत आणि मजला वरचे सूर अडवतात, खालचे सोडून देतात. आणि लाकडी मजला तर स्वतःच हलतो. यावर फोमचे तक्ते भिंतीला चिकटवायला सांगणारे पुष्कळ भेटतील. ते पातळ फोम खोलीतला खणखणाट कमी करतात, शेजाऱ्याला जाणारा बेस अजिबात थांबवत नाहीत. मी वेगळं केलं. टेबल मजल्यावर जाड रबरावर उभं केलं. स्पीकरखाली दाट फोम, त्यावर कोटा स्टोनचा तुकडा, त्यावर स्पीकर. दगड जड म्हणून हलत नाही, फोम मऊ म्हणून हलणं खाली उतरू देत नाही. मागचा 'रूम कंट्रोल'चा खटका उणे चारवर टाकला, त्याने भिंतीजवळ फुगणारा बेस उतरतो. मग मी वर वाजवत राहिले आणि काकू खाली स्वयंपाकघरात उभ्या राहून खिडकीतून ओरडून सांगत होत्या, 'येतंय... येतंय... आता नाही... अगं, बंद केलंस का?' केलं नव्हतं.

रात्री दहानंतर वाजवायचं नाही, हे तसंही ठरलेलं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सणांना वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, आमची नवरात्र त्यातच बसते. माझ्या सरावाला कोण सूट देणार? दहानंतर हेडफोन, तोही हळू.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही त्या सांगते. एक उंचीची. स्पीकरचा वरचा छोटा ट्वीटर कानाच्या रेषेत हवा, हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते बसून काम करणाऱ्यासाठी. डीजे उभा असतो. टेबलावर नुसता ठेवला तर ट्वीटर माझ्या कोपरांना गाणं ऐकवतो. सुताराकडून सव्वा फुटी दोन स्टँड करून घेतले, दगड-फोम त्यांच्यावर. दोन स्पीकर आणि माझं डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण होईल असे ठेवले, साडेतीन फुटांवर. जितकं जवळ, तितका कमी आवाज पुरतो.

दुसरी गोष्ट घुर्र आवाजाची. पहिल्या दिवशी लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकर घुरघुरत होते, काढला की गप्प. लॅपटॉपला हात लावला तर बोटांना मुंग्या. वायरमन आला, बोर्ड उघडून म्हणाला, 'बेन, अर्थिंग ज नथी!' तीन भोकांचा सॉकेट होता, तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हतं. जुन्या घरांत असं असतं, तुमच्याकडेही बघून घ्या. चार्जरची तिसरी पिन कापून घुर्र घालवणारे बहाद्दर आहेत, ते कृपा करून करू नका. आम्ही मागच्या चौकात खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंग करून घेतलं. घुर्र गेली, आणि आईच्या फ्रिजचा बारीक शॉकही गेला. त्यानंतर बजेटचा विषय निघाला नाही.

आवाजाची खूण बाबांनी केली. मी माझ्या जागी उभी राहून फोन कानापाशी धरला, ते मास्टरचं बटण फिरवत होते. ७२ आले तिथे त्यांनी आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. कधी ओघात बटण ठिपक्यापुढे गेलं की दारातून जाता जाता मागे आणतात. त्यांना ७२ ऐकू येतात की नाही माहीत नाही, ठिपका दिसतो.

कानाच्या तपासणीला जायचं ते तीन महिने टाळत होते. 'मला येतं की ऐकू.' मग मी माझी स्वतःची वेळ घेतली. बाहेर वाजवणाऱ्याने आताच एकदा आलेख काढून ठेवावा, म्हणजे पुढे किती घसरलं ते कळतं. आणि म्हटलं, मला एकटीला भीती वाटते, चला. ते तयार झाले. गुरुवारी साडेपाचला दोघांची आहे, आधी माझी, मग त्यांची. काल रात्री त्यांनी विचारलं, तो टिक्-वाला पेन ड्राइव्ह बरोबर न्यायचा का? मी म्हटलं न्या, पण तिथे वाजवू देतील असं वाटत नाही. त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवून दिलाय.